आम्हांला पुस्तकाचे चित्र नको, मजकूर हवा

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : दृष्टिहीन वाचकांना भारतीय भाषांतील पुस्तकांचा मजकूर युनिकोड (संगणकाला प्रत्येक अक्षर अक्षर म्हणून ओळखता येईल अशा) स्वरूपात मिळण्याची कायदेशीर तरतूद करण्याबाबत

महोदय,

मी जन्मतः पूर्ण दृष्टिहीन आहे. महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि माझे जवळजवळ सगळे वाचन संगणकावरच्या व मोबाइलवरच्या, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आवाजातून होते. हे गाऱ्हाणे सामाजिक न्याय मंत्रालयाकडे न नेता आपल्याकडे आणण्याचे कारण असे की, कॉपीराइटचा कारभार २०१६ पासून आपल्या मंत्रालयाकडे आहे, आणि माझी अडचण कॉपीराइट कायद्याने अर्ध्यावर सोडून दिलेल्या एका कामातून उभी राहिलेली आहे.

कायद्याने जे दिले त्याबद्दल प्रथम मनापासून कृतज्ञता व्यक्त करतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) मध्ये 'झेडबी' हे उपकलम आले आणि दिव्यांग व्यक्तीसाठी कोणतेही पुस्तक तिला वाचता येईल अशा स्वरूपात आणण्यास लेखक-प्रकाशकाची परवानगी घेण्याची गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी माराकेश येथे दृष्टिहीनांच्या वाचनहक्काचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत ठरला. याचा मला आजही अभिमान वाटतो. वर्गात नागरिकशास्त्राचा विषय निघाला की मी हे आवर्जून सांगतो.

पण या तरतुदीने आम्हांला पुस्तकाचे रूपांतर करण्याची मोकळीक दिली आणि रूपांतराचा सगळा भार मात्र वाचकावर व त्याला मदत करणाऱ्यांवरच ठेवला. हा भार किती असतो, हे डोळसांना सहसा ठाऊक नसते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

मला एखादे छापील मराठी पुस्तक वाचायचे असेल, तर ते विकत घ्यायचे, त्याची बांधणी उसवून पाने सुटी करायची, एकेक पान स्कॅन करायचे आणि ती चित्रे ओसीआर नावाच्या, चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीत घालायची. इंग्रजीत ही प्रणाली उत्तम चालते. मराठीत ती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे हे मी मान्य करतो, तरीही जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा तुटलेली असली, कागद पातळ असून मागच्या पानाची शाई उमटलेली असली, की अनुस्वार गळतात, जोडाक्षरे फुटतात आणि पानाच्या तळाशी असलेली टीप वरच्या वाक्याच्या मध्येच येऊन बसते. सह्याद्रीतल्या 'दऱ्या' स्क्रीन रीडरच्या तोंडून 'दर्या' होऊन येतात. ते एक वेळ संदर्भाने सावरून घेता येते. आकड्यांचे काय करायचे? देवनागरीतला एक आणि नऊ या प्रणालीला सारखे वाटतात. पेशवाईच्या अखेरीचे १८१८ हे साल मी १८९८ असे ऐकले आहे. ते साल पाठ असल्यामुळे चूक कळली, पण ज्या घटनेचे साल मला आधीपासून ठाऊक नाही, तिथे चूक झाली आहे हेच मला कळणार नाही आणि मी ती तशीच मुलांना शिकवीन. म्हणून कोणीतरी डोळस माणसाने मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. माझे काही माजी विद्यार्थी सुट्टीत घरी आले की हे काम करतात. एक मध्यम आकाराचे पुस्तक निर्दोष होण्यास कित्येक आठवडे जातात, आणि तोवर ज्या कामासाठी ते हवे होते ते काम बहुधा होऊन गेलेले असते.

यात सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, या पुस्तकाचा मजकूर संगणकावर आधीच तयार असतो. गेल्या तीसेक वर्षांतले जवळजवळ प्रत्येक मराठी पुस्तक डीटीपी करणाऱ्याने कळफलकावर टंकलेले आहे, मुद्रितशोधकाने तपासलेले आहे. तो तपासलेला मजकूर प्रकाशकाच्या संगणकात पडून असतो. त्याचा कागद होतो, त्या कागदाचे आम्ही चित्र करतो आणि त्या चित्रातून तोच मजकूर, चुकांसह, पुन्हा उभा करतो. एकाच पुस्तकासाठी पुण्यातील एक संस्था हे काम करत असते, त्याच वेळी नागपुरातील दुसरी संस्थाही तेच करत असते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयामुळे अशी तयार पुस्तके एका ठिकाणी मिळू लागली, हा मोठाच आधार झाला. परंतु तिथेही एखादे मराठी पुस्तक यायचे तर आधी कोणीतरी ते स्कॅन करून तपासलेलेच असावे लागते.

मग ई-पुस्तक का घेत नाही, असे आपण विचाराल. घेतले आहे. एका मराठी ई-पुस्तकांच्या ॲपवर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, किंमत, खरेदीचे बटण, पैसे भरण्याच्या सगळ्या पायऱ्या स्क्रीन रीडरने मला स्पष्ट वाचून दाखवल्या. पैसे भरले, पुस्तक उघडले, पहिल्या पानावर बोट ठेवले आणि आवाज आला, 'पान एक, प्रतिमा.' बोट सरकवले, 'पान दोन, प्रतिमा.' मजकुराची नक्कल कोणी करू नये म्हणून प्रत्येक पान चित्राच्या रूपात ठेवले होते. तक्रार केली, तेव्हा कॉपीराइटच्या कारणास्तव मजकूर खुला करता येत नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. परवानगीची गरज नाही असे ज्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, त्याच कायद्याच्या नावाने हा नकार आला होता.

हा प्रकार मराठीपुरता किंवा आपल्या देशापुरता नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने आपल्या किंडल उपकरणात पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आणली, तेव्हा तिथल्या लेखकांच्या संघटनेने ध्वनिपुस्तकांच्या हक्कांवर गदा येते म्हणून हरकत घेतली आणि ही सोय ठेवायची की बंद करायची, याचा निर्णय कंपनीने हक्कधारकांवर सोपवला. पुस्तक तेच, ग्राहकाने मोजलेले पैसे तेवढेच, आणि ते कानाने वाचता येईल की नाही हे तिसऱ्याच कोणाच्या तरी मर्जीवर. आपल्याकडच्या ॲपमध्ये ही मर्जी कोणाची चालते, हेदेखील ग्राहकाला खरेदीपूर्वी सांगितले जात नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६५-अ इथे आडवे येते. हक्कभंगाच्या हेतूने पुस्तकाचे, नक्कल रोखणारे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. माझा हेतू हक्कभंगाचा नसल्यामुळे मी गुन्हेगार ठरत नाही आणि कायद्याने मना न केलेल्या कामाला या कलमातूनच सूट आहे, हे मी वाचले आहे. मात्र त्याच सुटीला असे परंतुक जोडलेले आहे की, अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा सगळा तपशील आणि कामाचा उद्देश यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. सुट्टीत घरी आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मी हे कसे सांगू, की बाबा, माझे पुस्तक उघडून दे, पण आधी माझ्या नावाची नोंदवही कर, कारण या कलमाच्या दुसऱ्या टोकाला कैद लिहिली आहे? मुले मदतीला तयार असतात, आईवडील घाबरतात, आणि मला त्यांची भीती अवाजवी वाटत नाही. शिवाय हे कलम कुलूप न तोडण्याबद्दल बोलते. हक्काच्या वाचकाला किल्ली कोणी द्यायची, याबद्दल अवाक्षर काढत नाही.

प्रकाशकांची बाजू मी समजून घेतली आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, भांडवल अडकून राहते आणि नवे पुस्तक बाजारात येते न येते तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सॲप व टेलिग्रामवर फिरू लागते. हा चोरीचा धंदा आहे, त्याने लेखकाच्या कष्टांचे मोल जाते, आणि तो थांबवण्यासाठी कठोर उपाय झाले तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण अशा फिरणाऱ्या पीडीएफ एकदा उघडून पाहाव्यात. त्यांतल्या बहुतेक छापील पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतात. चोराला मजकुराची फाइल लागतच नाही, त्याचे काम फोटोवर भागते. फाइल लागते ती ज्याला फोटो दिसत नाही त्याला. म्हणजे पानांचे चित्र करून ठेवल्याने चोर अडत नाही आणि पैसे मोजणारा अंध ग्राहक मात्र नेमका अडतो.

दुसरी अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुष्कळ मराठी प्रकाशकांकडच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. त्या ज्या फॉन्टांत बसवल्या, त्यांत देवनागरी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडत सुटतो. अशा फाइली युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रणाली आहेत. त्या ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यापाशी अडखळतात, तरी स्कॅन करून पुन्हा अक्षरे ओळखत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे असते, कारण चुका ठरावीक असतात आणि फॉन्ट कळला की एका फटक्यात दुरुस्त होतात. छोट्या प्रकाशकाला याचा खर्च पेलणार नाही. तो शासनाने उचलावा.

म्हणून माझी मागणी अशी आहे. आपल्या देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचा मजकूर, दिव्यांगांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या अधिकृत संस्थेने मागितल्यावर ठरावीक मुदतीत, युनिकोडमध्ये देण्याचे बंधन कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून प्रकाशकांवर घालावे. फाइल वाचकाच्या हाती थेट द्या असे मी म्हणत नाही. ती त्या संस्थेकडे जावी आणि संस्थेने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या वाचकापुरती ती खुली करावी. प्रती व्यापारात जाऊ नयेत याची जबाबदारी कलम ५२ ने अशा संस्थांवर आधीच टाकलेली आहे. विक्रीला ठेवलेल्या ई-पुस्तकाचे कुलूप स्क्रीन रीडरला बंद ठेवणारे नसावे, आणि असेल तर तसे खरेदीच्या पानावर लिहिण्याची सक्ती असावी. कलम ६५-अ मधील नोंदवहीचे परंतुक दिव्यांग वाचकाला मदत करणाऱ्या व्यक्तींपुरते काढून टाकावे.

यातले काही जगावेगळे नाही. अमेरिकेने २००४ च्या कायद्याने शालेय पाठ्यपुस्तकांच्या मूळ फाइली प्रकाशकांकडून एका राष्ट्रीय केंद्रात जमा करून घेण्याची व्यवस्था केली. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून बाजारात येणारी ई-पुस्तके मुळातच दिव्यांगांना वाचता येतील अशी असावीत, असे बंधन लागू झाले आहे. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ४२ मुद्रित व इलेक्ट्रॉनिक आशय सुगम्य असावा याची जबाबदारी शासनावर टाकते, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्याचा आदेश सरकारला दिला आहे. तेव्हा या मागणीला पाया नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

छापील प्रती जमा करण्याची पद्धत तर आपल्याकडे १९५४ पासून आहे. ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ग्रंथालयांत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. छापील प्रतीबरोबर तिची मजकूर-फाइल पाठवण्याचा नियम झाला, तर वेगळी यंत्रणा उभारण्याचीही गरज पडणार नाही. तो कायदा संस्कृती मंत्रालयाकडे आहे याची मला कल्पना आहे. परंतु दोन मंत्रालयांनी एकत्र बसावे, एवढी विनंती एका नागरिकाने करण्यात काही गैर नसावे.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच मंत्रालयाच्या समितीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी कॉपीराइट असलेले साहित्य सक्तीच्या परवान्याखाली, मोबदला देऊन, वापरू देण्याचा प्रस्ताव मांडला. मोबदल्याच्या त्या चर्चेत मी पडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, यंत्रांना पुस्तके वाचता यावीत म्हणून जर मजकूर एकत्र करण्याची राष्ट्रीय व्यवस्था विचाराधीन असेल, तर देशातील ज्या सुमारे पन्नास लाख लोकांची नोंद २०११ च्या जनगणनेने दृष्टीच्या दिव्यांगत्वाखाली केली आहे, त्यांचा वाटा त्या व्यवस्थेच्या पहिल्याच मसुद्यात असावा. नंतर जोडायचे म्हटले की काय होते, ते आम्ही या देशातल्या प्रत्येक इमारतीच्या पायऱ्यांवर अनुभवले आहे.

कायद्याचा पुढचा मसुदा तयार होण्यापूर्वी आपण जी सल्लामसलत कराल, तिच्यात मराठी व इतर भारतीय भाषांचे छोटे प्रकाशक, डीटीपीचे काम करणारे, ग्रंथपाल आणि दृष्टिहीन वाचक यांना प्रत्यक्ष बोलवावे. मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला कराल, तेव्हा तो स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये न देता युनिकोडमध्ये द्यावा, म्हणजे मलाही तो वाचून मुदतीत उत्तर पाठवता येईल.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक दृष्टिहीन शिक्षक
महाराष्ट्र