रीळ खात्यातल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

गिरणीच्या जुन्या फोटोतल्या बायकांची नावं आमच्याकडून लिहून घेतलीत, त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत, कारण तुम्ही केलंत ते एकट्यादुकट्यासाठी नव्हतं.

गिरणी कामगार चळवळीच्या स्मरणिका चाळल्या की एकाच धाटणीचा फोटो दिसतो. पुढे पुढारी, डावीकडून उजवीकडे नावानिशी. मागे लुगड्यांची रांग, आणि खाली छापलेलं: ‘महिला कामगार’. झालं! गिरणगावातल्या बायकांची नावं विचारा, तर यादी उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर या पुढारी बायकांपर्यंत येते आणि अडते.

तुम्ही आधी रीळ समजावलंत: सूत गुंडाळून लड्या करायचा फिरता सांगाडा. घेर 54 इंच, म्हणजे दीड वार. 80 फेऱ्यांची एक ली, सात लींची लडी, म्हणजे 840 वार. 20 नंबरच्या सुताच्या 20 लड्या पौंडाला, म्हणून दहा पौंडी बंडलात 200. धागा तुटला आणि रीळ फिरतच राहिलं, तर लडी तोकडी भरते. सूत कच्चं निघालं रिंग खात्यात, म्हणजे सूत कातलं जायचं तिथे, पण उक्त्या दरामुळे (जेवढं काम तेवढी मजुरी) खोट बसायची रिळावरच्या बाईला. तेव्हा ‘सूत खराब येतं’ ही तक्रार मजुरीचीच होती. लिहिणाऱ्यांनी ती किरकोळ म्हणून सोडून दिली. 1929 च्या बाळंतपणाच्या कायद्याचंही तेच. बाळंतिणीला मिळणारे रोजचे आठ आणे सगळे सांगतात. ते मालकाच्या खिशातून जायचे, म्हणून बाई कामावर ठेवणंच त्याला जड वाटायचं, हे सांगणारे थोडे.

पण खरे आभार त्या पेन्सिलीचे. तो जुना फोटो पालथा घातलात, पेन बाजूला सारलंत (शाई पुढे उतरते, टोकाचा वळ चित्रावर उठतो) आणि मऊ पेन्सिलीनं, हात हलका ठेवून, एकेकीचं नाव लिहायला लावलंत. हजेरीपटावर नवऱ्याच्या नावाला जोडलेलं नव्हे, खात्यात हाक मारायचे ते. शेजारी खातं: रीळ, की कांडी (सुताच्या कांड्या भरायचं).

तिघी आठवेनात. अंदाजानं घालू, असं आम्हीच सुचवलं. तुम्ही म्हणालात, “नाव गेलं म्हणून काय झालं? उभी होती ना ती? जागा ठेवा.”

एवढी सचोटी जाडजूड इतिहास लिहिणाऱ्यांतही विरळा.

त्या तीन ओळी मोकळ्याच आहेत. कुणी चेहरा ओळखला, तर आधी तुम्हाला विचारू, मगच भरू.

आपल्या,
गिरणगावच्या नोंदी जमवणाऱ्या