मीटर लावला की ठणठणीत

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे जाडजूड पाकीट. माफी मागायची ती मागतो. पण खरं सांगू? आजही लिहिलं नसतं. एक गोष्ट अशी झालीये की घरात सांगितली तर "बरं" एवढंच उत्तर येतं, आणि मास्तर असते तर त्यांनी निदान चहाचा कप तरी खाली ठेवला असता. तब्येत ठीक. पाठ आहे तशीच. चष्म्याचा नंबर वाढलाय, रेझिस्टरचे पट्टे भिंगाखाली वाचतो. संपलं आरोग्य.

तर आपला पुशपुल, व्हॉल्व्हांच्या जोडीवर चालणारा अँप्लिफायर. उजव्या चॅनेलचा खालचा ईएल 84, म्हणजे आउटपुटचा व्हॉल्व्ह, लाल व्हायला लागला. फिलामेंट नव्हे रे, प्लेट, प्रवाह गोळा करणारा आतला पत्रा. सुरू केल्यावर वीसेक मिनिटं सगळं सुरळीत, मग प्लेटच्या शिवणीपाशी आधी तपकिरी छटा, आणि दिवा मालवून पाहिलं तर लोहाराच्या भट्टीतून काढलेला तुकडा. डोळ्यांना दिसायच्या आधी ते कानाला कळलं होतं: उजवीकडच्या डग्ग्याचा घुमारा गेला. मी बरेच दिवस तुझ्या त्या स्पीकरच्या वायरला शिव्या घातल्या. वायर निर्दोष होती, शब्द मागे घेतो. पुशपुलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट नसते. दोन बाजूंचे डीसी प्रवाह एकमेकांना खोडतात या भरवशावरच तो बांधलेला. एका बाजूला 36 मिलिअँपिअर आणि दुसऱ्या बाजूला 50 गेले की वरचे 14 गाभ्याला एकाच दिशेने चुंबकतात, आणि गाभा आधी खालच्या सुरांना नकार देतो. म्हणून आधी खर्ज गेला आणि मग प्लेट लाल दिसली.

आता तू म्हणशील, सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळत असणार. मीही तेच म्हटलं. ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारी जाळी; तिचा रेझिस्टर 470 किलोओहमचा, म्हणजे कपॅसिटरमधून नुसता 1 मायक्रोअँपिअर झिरपला तरी ग्रिड जवळजवळ अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह. पाच झिरपले तर 2.35 व्होल्ट, आणि मग व्हॉल्व्हचा बायस, ग्रिडला निगेटिव्ह धरून प्रवाह आवरणारं व्होल्टेज, कोसळतो. तो एकच ईएल 84 सॉकेटमधून काढला, बाकीचे राहू दिले (सगळे काढले तर एचटी, म्हणजे व्हॉल्व्हांना जाणारं 300 व्होल्टचं मुख्य व्होल्टेज, चढते आणि तिच्यावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या मर्यादेशी खेळ होतो), आणि दोन नंबरच्या पिनवर मोजलं. शून्य. वीस मिनिटं तापू दिलं, तरी शून्य. कपॅसिटर निर्दोष सुटला.

व्हॉल्व्हच बिघडला असेल म्हणून वरचा खाली, खालचा वर. व्हॉल्व्हचा दोष असता तर लाली त्याच्याबरोबर गेली असती. ती त्याच सॉकेटवर राहिली, म्हणजे रोग घराचा, भाडेकरूचा नव्हे. मग कॅथोडचा (जिथून व्हॉल्व्हचा प्रवाह निघतो तो भाग) 270 ओहमचा रेझिस्टर काढून मोजला: 268. त्याच्यावरचा 100 मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर शॉर्ट असता तर कॅथोडला व्होल्टेजच दिसलं नसतं. इथे उलट. निरोगी सॉकेटांवर 10.8 व्होल्ट, म्हणजे 40 मिलिअँपिअर, त्यातले चारेक स्क्रीनचे, म्हणजे व्हॉल्व्हातल्या दुसऱ्या जाळीचे. आजारी सॉकेटवर 15 व्होल्ट, म्हणजे 55. प्लेट आणि कॅथोड यांच्यात 285 व्होल्ट धर, प्लेटचे 50 मिलिअँपिअर धर: 14 वॅटच्या वर. ईएल 84 च्या प्लेटची मर्यादा 12. लाल होणार नाही तर काय होईल? कॅथोडचा रेझिस्टर 2 वॅटचा घातला होता म्हणून तो तरी वाचला. (तू अर्ध्या वॅटचा घालायला निघाला होतास. हे कुठेतरी लिहून ठेव.)

म्हणजे प्रवाह खरोखरच वाढत होता, आणि ग्रिडला कुणी वर ढकलत नव्हतं. मग तो वाढवतो कोण?

पुढची शंका फीडबॅकवर, आउटपुटकडून मागे सुरुवातीला परत दिलेल्या सिग्नलवर. एकूण फीडबॅक आवाजापलीकडच्या पट्टीत उलटा फिरून दोलायला लागला असेल, असं वाटलं. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीकडून येणाऱ्या फीडबॅक रेझिस्टरचं एक टोक सोडवलं. आवाज एकदम वाढला, ते अपेक्षित होतं. प्लेट तरीही लाल. म्हणजे जे काही चाललंय ते त्या एका व्हॉल्व्हच्या आसपास चाललंय, पूर्ण वळशात नाही. ही चाचणी तू कधी केलीस तर आधी व्हॉल्यूम पूर्ण खाली घे, आणि स्पीकरऐवजी 8 ओहम 10 वॅटचा रेझिस्टर लाव. पण काहीतरी लावच. आउटपुट उघडं ठेवून सिग्नल दिला की प्रायमरीवर हजारो व्होल्टचे झटके उठतात आणि सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. एकदा पडली की तिथे कोळशाची वाट होते, मग सॉकेट फेकूनच द्यायचं.

आता ऐक, खरी गंमत इथे आहे. एक मीटर कॅथोडला चिमट्याने लावून ठेवला होता, 15 व्होल्ट दाखवत. दुसऱ्या मीटरच्या प्रोबचा काटा ग्रिडवर टेकवला, आणि पहिला मीटर झर्रकन 10.8 वर! लाली विरायला लागली. काटा उचलला, परत 15. टेकवला, 10.8. डॉक्टरच्या दारात गेलं की दुखायचं थांबतं, तसं. दहा मेगओहमचा मीटर 470 किलोओहमवर डीसीचं काही बिघडवत नाही, म्हणजे काम करत होती ती काट्याची मीटरभर लोंबणारी वायर. तिच्या कपॅसिटन्सने आणि तिच्यातल्या नुकसानीने कुठलं तरी दोलन मोडत होतं. मग सुकी लाकडी काडी घेऊन ग्रिडची वायर जरा बाजूला ढोसली, तर आकडा 15 वरून 12, मग 11. (आयुष्यभर तुझ्या कामात काड्या केल्या, त्यातली ही एक उपयोगी पडली.)

आणि मग तो भिंतीजवळचा एफएम रेडिओ आठवला. अँप्लिफायर तापला की तो स्टेशन सोडून मुका व्हायचा. मी त्याला जुनाट म्हणत होतो.

बंड्या, ग्रिड स्टॉपर, ग्रिडच्या तोंडाशी घालून असं दोलन दाबणारा रेझिस्टर. हो, तोच. तू पाकिटाच्या मागे आकडेमोड करून दिली होतीस आणि मी म्हटलं होतं की ग्रिडच्या वाटेत 4.7 किलोओहम घालून वरचे सूर कशाला मारायचे. दोन दिवस आपण बोललो नव्हतो, आणि वहिनींना वाटलं पैशाचं भांडण आहे. आता तीच आकडेमोड पुन्हा केली. ईएल 84 च्या ग्रिडचा कपॅसिटन्स 11 पिकोफॅरडच्या आसपास. इकडचंतिकडचं धरून 50 म्हण. 4.7 किलोओहम आणि 50 पिको, कट-ऑफ येतो जवळपास 6 लाख 77 हजार हर्ट्झला. माणसाच्या कानाची हद्द 20 हजार. वटवाघळालासुद्धा फरक कळला नसता, आणि मी "झांजेची धार जाते" म्हणून हटून बसलो होतो. हरलो. लेखी देतोय, जपून ठेव.

का होतं तेही उलगडलं. ईएल 84 ची ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडच्या एका व्होल्टला प्रवाह किती हलतो ते, 11 मिलिअँपिअर प्रति व्होल्टच्या वर, पॉवर पेन्टोडांत हा मोठा तापट गडी. साधी वायर मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री. त्या सॉकेटच्या ग्रिडची वायर मोजली तर 8 सेंटिमीटर, म्हणजे 80 नॅनोहेन्री. तिला व्हॉल्व्हचे आणि सॉकेटचे मिळून 30 पिको जोडले की 100 मेगाहर्ट्झच्या आसपासचं ट्यून्ड सर्किट आपोआप तयार. थेट एफएमच्या पट्टीत! माझा ऑसिलोस्कोप 20 मेगाहर्ट्झचा, त्याला काय दिसणार? सरळ रेघ दाखवून मोकळा. बाकीच्या तीन सॉकेटांच्या वायरी 3-4 सेंटिमीटरच्या. ही एकच टॅगस्ट्रिपपासून, सुटे भाग जोडायच्या पट्टीपासून, लांब पडलेली, आणि तिच्या अंगाला अंग लावून सात नंबरच्या पिनेची प्लेटची वायर. ग्रिड आणि प्लेट शेजारी झोपवल्या की तिसरं काय जन्माला येणार? सुरुवातीची वीस मिनिटं कशी तगायचा, तर तो काठावरच उभा होता. तापल्यावर जरासा पुढे सरकला की सुरू.

केलं ते असं. प्लग काढला, थांबलो. आपल्या एचटीवर 47 आणि 100 मिळून 147 मायक्रोफॅरड, त्यावर तो साठा रिकामा करणारा 220 किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर. 300 व्होल्ट 2 वर यायला पावणेतीन मिनिटं लागतात. तरी मीटरने पाहिल्याशिवाय हात घातला नाही, कारण ब्लीडरचा सोल्डरचा डाग सुटलेला असला तर तो सांगत नाही. मग 4.7 किलोओहम, अर्धा वॅट, कार्बन फिल्म. त्याचा पाय 3 मिलिमीटरवर कापून पोट थेट दोन नंबरच्या पिनेला टेकवून डाग दिला. कपलिंग कपॅसिटर आणि 470 किलोओहम दोन्ही त्याच्या पलीकडच्या टोकाला. हाच रेझिस्टर टॅगस्ट्रिपवर घालून पुढे 8 सेंटिमीटर वायर सोडली असती तर काही उपयोग नव्हता. दोलणारी वायर स्टॉपरच्या आणि ग्रिडच्या मध्येच राहिली असती. वायरवाउंड तर घालूच नये, ती स्वतःच कॉइल.

नऊ नंबरच्या पिनेला, स्क्रीनच्या वाटेत, 100 ओहम 1 वॅट, तोही सॉकेटला चिकटून. चारपाच मिलिअँपिअरवर अर्धा व्होल्ट पडतो, स्क्रीन जिला जोडलीये त्या ट्रान्सफॉर्मरच्या अल्ट्रालिनिअर टॅपला त्याची खबरही लागत नाही. प्लेटची वायर चॅसीच्या कडेने वळवली, आणि जिथे ओलांडणं भागच होतं तिथे ग्रिडच्या वायरीला काटकोनात.

आता चार सॉकेटांवर 10.8, 10.6, 10.9, 10.7. रेडिओ बोलतोय. उजवा डग्गा परत आला.

मग आता काळजी कसली? आहेच ना. जो व्हॉल्व्ह लाल झाला होता त्याचं काय करू? लाल प्लेट म्हणजे काचेच्या आतला धातू वायू सोडतो, ग्रिडवर कॅथोडचा मुलामा उडून बसतो, आणि मग ग्रिड स्वतःच प्रवाह द्यायला लागते. ऑटो बायसला (कॅथोडच्या रेझिस्टरने आपोआप मिळणाऱ्या बायसला) ईएल 84 च्या ग्रिडला 1 मेगओहमपर्यंत चालतं, आपल्याकडे 470 किलोओहम आहे, म्हणजे थोडा हात आहे. व्हॉल्व्ह जागेवर ठेवून, पूर्ण तापल्यावर, ग्रिड रेझिस्टरवर मोजतोय. काल 0.05 व्होल्ट होतं, म्हणजे दशांश मायक्रोअँपिअर. तासाभरानंतर 0.09. शेजारच्यावर 0.02. हे चढत राहिलं तर त्याला निरोप देणार. पण जोडी मिळवलेली आहे रे. एक बदलला तर दुसऱ्याशी मेळ बसेल का, की दोन्ही बदलू? कॅथोडचे रेझिस्टर वेगवेगळे आहेत, त्यामुळे थोडी तफावत ते सांभाळून घेतील, असं माझं मत. तुझं काय?

आणि बाकीची तीन सॉकेटं? ती गुण्यागोविंदाने नांदतायत. चालत्याला हात लावू नये, असं म्हणणारा मीच. पण आज ती शांत आहेत ती या व्हॉल्व्हांवर. उद्या जास्त उत्साही व्हॉल्व्ह लागला की पुन्हा तेच. तू "घाल गपचूप" म्हणणार हे माहीत आहे. चेहरा दिसतोय मला.

फार फुशारू नकोस, तुझ्याही खात्यात जमा आहे. जीझेड 34 या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या लगेच मागे 220 मायक्रोफॅरड कुणी लावला होता? पहिल्या कपॅसिटरची मर्यादा 60, हे चार वेळा सांगूनही? ती निळी आतषबाजी मी विसरलेलो नाही, आणि तात्या अजून त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

तुझं सांग. घर बदललंस ते वहिनींकडून कळलं. खोली मोठी मिळाली म्हणे, छान. धाकटीच्या निकालाचं अभिनंदन, उशिराने का होईना. नोकरीचं त्या वेळी म्हणत होतास ते मिटलं का? स्पीकरबद्दल विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंच: एका वॅटला 86 डेसिबल देणारे घेऊ नकोस. आपल्या 10 वॅटवर ते मीटरभर अंतरावर 96 ला टेकतात आणि मोठ्या खोलीत दम तोडतात. 92 चे घे, तेवढ्याच 10 वॅटवर 102 मिळतात. ते 6 डेसिबल अँप्लिफायरकडून काढायचे म्हटले तर 40 वॅटचा बांधावा लागेल, आणि तेवढं लोखंड उचलायला माझी पाठ नाही.

उत्तर पाठव. जोडीबद्दल नक्की.

तुझा,
अण्णा

ता.क. पाकीट बंद करायच्या आधी पुन्हा मोजलं. दोन तास झाले, 0.17. आणि हो, बाकीच्या तीन सॉकेटांसाठी रेझिस्टरचे पाय कापून ठेवलेत.