चलन आलं तर येऊ दे, तू आधी नीट झोप

बाळा,

फोनवरच बोलले असते पण तू ऑफिसात असलास की हो आई बरं आई करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय, जेवायच्या सुट्टीत सावकाश वाच. शुक्रवारी रात्री पुण्याहून घरी येताना नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर वेगात होतास आणि पोलिसांची गाडी दिसली, तेव्हापासून तुझं जे चाललंय ना, ओव्हरस्पीडच्या चलनाचा मेसेज आला का, आई जरा तुझा फोन बघ ना, ते बघून मला चलनाची नाही तुझी काळजी लागलीये. रविवारी धड जेवलासुद्धा नाहीस, सुरमईचा तुकडा तसाच ताटात. गाडी माझ्या नावावर आहे, आरसीला नंबर माझा आहे, म्हणजे मेसेज येणार तो माझ्याच फोनवर आणि आला की त्या मिनिटाला तुला कळवणार, लपवून मी काय करू सांग.

तर आत्तापर्यंत काही आलेलं नाही. आज सकाळी बाबा वॉकला गेल्यावर मी स्वतः परिवहनच्या ई-चलनच्या साइटवर जाऊन बघितलं. कपाटातून आरसी काढली, एमएच ४३ वाला पूर्ण नंबर टाकला, मग चासी नंबरचे शेवटचे आकडे मागतात ते टाकले, आणि एकच चलन दिसलं, बाबांचं वाशीतलं जुनं नो पार्किंगचं, ते तेव्हाच भरलंय. त्यात गाडीचा फोटो पण होता, मागून काढलेला, नंबर प्लेट स्पष्ट. म्हणजे तुझं आलंच तर असाच फोटो असेल, त्यावर जागा, वेळ, वेग सगळं असतं, ते तपासून घेता येतं आणि काही चुकीचं वाटलं तर तक्रार पण करता येते. नियमात १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची असं आहे, त्यामुळे आज दिसलं नाही म्हणून सुटलो असं धरू नकोस आणि रोज दहा वेळा मला विचारूही नकोस. मी बघत राहीन.

आणि तुला नक्की भीती कशाची वाटतेय तेच मला कळत नाहीये. लायसन्स जाईल का, पुढे व्हिसाला अडेल का, एवढं कुठपर्यंत गेलास तू? २०१९ मध्ये बदललेल्या कायद्यात कारला ओव्हरस्पीडचा दंड हजार ते दोन हजार आहे, लायसन्स जप्त करायची गोष्ट दुसऱ्यांदा पकडलं तर येते. दंड भरला की विषय तिथेच मिटतो. नाही भरला आणि तसाच थकवला तर मात्र गाडी विकताना, नावावर करताना आरटीओत अडवतात आणि कोर्टाची नोटीस येते ती वेगळीच. दोन हजार म्हणजे काही कमी पैसे नाहीत मान्य आहे, पण झोप उडवण्याएवढे पण नाहीत ना राजा.

तू म्हणालास किल्ला जंक्शन सोडलं, चाणक्यचा सिग्नल हिरवा मिळाला, पाम बीच पूर्ण मोकळा, मीटरवर ८५ च्या आसपास होतं आणि डाव्या हाताला ती पोलिसांची गाडी लाल निळा दिवा लावून उभी. आता बघ, पोलिसांच्या प्रत्येक गाडीत काही स्पीड गन नसते. साधी गस्तीची गाडी असेल तर तिला तुझा वेग मोजायला काही साधनच नाही. इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी खास गाडी असेल तर त्यात लेझर गन आणि कॅमेरा असतो, आणि ती गन लांबूनच, काहीशे मीटरवरूनच वेग पकडते. म्हणजे तुला गाडी दिसली आणि तू ब्रेक मारलास त्याच्या आधीच जे मोजायचं ते मोजून झालेलं असणार. कारचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधी दाखवत नाही, थोडा जास्तच दाखवेल असाच बनवलेला असतो, म्हणजे ८५ दिसत होते तेव्हा खरे थोडे कमी असतील. पण तिथे बोर्ड ६० चा आहे रे, त्यामुळे तो हिशोब करून काही हाताला लागत नाही.

मला खरं बोलायचंय ते त्या ब्रेकबद्दल. तू अगदी सहज सांगून गेलास, "पोलीस दिसले आणि मी कचकन ब्रेक दाबला, मागचा बाईकवाला थोडक्यात वाचला." हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. शुक्रवारपासून तू चलनाबद्दल किती बोललास आणि त्या बाईकवाल्याबद्दल एकदाच, ते पण ओघात. रात्री साडेअकराला कोणाचं तरी पोर दमून भागून घरी निघालेलं, पुढच्या गाडीने काहीएक कारण नसताना ब्रेक मारला तर ते काय करणार? आणि तुझा वेग तर तोपर्यंत मोजून झाला असेल तर तो ब्रेक कशासाठी मारलास सांग. दिसले पोलीस तर दिसू देत, पाय हळूच काढायचा अ‍ॅक्सिलरेटरवरून, आरसा बघायचा, गाडी आपोआप कमी होते. दंड झाला असता तर मी भरला असता, नाहीतर तू भरला असतास. त्या मुलाला काही झालं असतं तर काय भरणार होतो आपण?

मला माहितीये तू उनाड गाडी चालवणारा नाहीस. होतं कसं की एक्स्प्रेसवेला १०० ची मुभा, तासभर त्या वेगात आलास की डोळ्याला तोच वेग बसतो, मग कळंबोलीवरून सायन पनवेल हायवेला लागून बेलापूरला उतरलं तरी ८० म्हणजे आपण रांगतोय असं वाटतं. बाबांचं पण असंच होतं, पूर्वी पुण्याहून आले की मी शेजारी बसून सांगायचे अहो घर आलं आता. आपल्या गाडीत ८० च्या वर गेलं की टुंग टुंग वाजतं ना, २०१९ नंतरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं केलंय ते उगाच नाही, आणि तू त्यावर गाण्याचा आवाज वाढवतोस हे मी स्वतः बघितलंय. ६० ला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, ८० ला २२. आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर तर पावणेदोन पटीच्याही थोडं वरच जातं, वेग २० नेच वाढलेला असला तरी. तू इंजिनिअर आहेस, हे गणित तुला मी काय शिकवणार, पण गाडीत बसलं की कोणी हे गणित करत नाही म्हणून लिहिलं.

आणि पाम बीच मोकळा दिसतो म्हणून मोकळा नसतो. सारसोळेला जेट्टी आहे खाडीच्या बाजूला आणि गाव रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये तो सहा पदरी रस्ता. आपली मासेवाली मावशी तिथलीच. तिचा नवरा आणि मुलगा भरतीची वेळ बघून होडी काढतात, भरती काय घड्याळ बघून येत नाही, कधी पहाटे तीनला जाळं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडतात. परवा मी तिच्याकडून चिंबोऱ्या घेत होते तेव्हा ती सांगत होती, की गाडीचा दिवा लांब दिसतो म्हणून पाऊल टाकलं आणि अर्ध्यात पोचेपर्यंत गाडी अंगावर, म्हणून आता ते दुभाजकावर थांबतात, आधी एक बाजू मग दुसरी, डोक्यावर टोपली घेऊन. हा रस्ता व्हायच्या आधीपासून ते लोक तिथे आहेत. तू लहानपणी तिच्या टोपलीत डोकावून खेकडा जिवंत आहे का विचारायचास, तीच ती मावशी. त्या रस्त्यावरून जाताना तुझ्या डोळ्यासमोर ती यावी एवढंच मला वाटतं, पोलीस नाही आले तरी चालतील.

अजून एक, तू मामाला फोन केलास म्हणे, ट्रॅफिकला कोणी ओळखीचं आहे का म्हणून. तो मला हसत हसत म्हणाला पण मला नाही आवडलं. आपल्या घरात ओळख काढून काही मिटवलेलं नाही आजवर आणि दोन हजारासाठी तर अजिबातच नको. चलन आलं आणि फोटोत आपलीच गाडी असेल तर गुपचूप भरायचं. मामाला मी सांगितलंय कोणाशी काही बोलू नकोस.

आणि हे लक्ष देऊन वाच, व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलन म्हणून एखादी फाइल आली, एपीके लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी, किंवा मेसेजमध्ये लिंक आली की ताबडतोब भरा नाहीतर गाडी जप्त, तर हात लावायचा नाही. ती फाइल उघडली की फोन त्यांच्या ताब्यात जातो, ओटीपी त्यांना दिसतात आणि खातं रिकामं होतं. चलन आहे की नाही ते फक्त सरकारी साइटवर नाहीतर महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर स्वतः नंबर टाकून बघायचं. तू सध्या एवढा घाबरलेला आहेस की तसला मेसेज आला तर विचार न करता क्लिक करशील, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

१५ दिवस झाले की मी परत साइट बघते, काही असलं तर स्क्रीनशॉट पाठवते, तुझ्या पगारातून भर, बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या शुक्रवारी अंधाराच्या आत निघता आलं तर बघ, नाहीतर शनिवारी सकाळी ये, घाई नाहीये. डाव्या बाजूचं पुढचं टायर बाबा म्हणाले गुळगुळीत झालंय, ते आधी बदलून घे पुण्यातच, पैसे पाठवतेय. आणि आज रात्री जेव नीट.

तुझी
आई