मेमो कसा द्यायचा हे शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर खाली पार्किंगमध्ये गाठून "कशाला गं हे सगळं?" म्हणाल. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. जे तुम्ही केलंत ते करण्याचा ज्यांना पगार मिळतो, त्यांनी ते केलं नाही, आणि ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मला पॅकिंगची मॅनेजर केलं, तेव्हा पेढे वाटले, हार घातला, व्हिजिटिंग कार्डं छापून दिली. एका हॉटेलात ट्रेनिंगही झालं. लीडर कसा असावा, टीम कशी बांधावी. तिथून परत लायनीवर आले तर आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर पाळी संपायच्या पाऊण तास आधीच मशीन सोडून गेलेला. पुढच्या पाळीचा नवा पोरगा अडकलेल्या सीलिंग मशीनपुढे घामाघूम होऊन उभा. हे रोजचंच होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, तुमच्यासारखे पुष्कळ आले नि गेले."

वर सांगितलं तर म्हणाले, तुमच्या पातळीवर मिटवा. मिटेना म्हणून पुन्हा गेले तर म्हणाले, लेखी काय आहे तुमच्याकडे? लेखी म्हणून फाइल उघडली. दर वर्षी 'समाधानकारक'. चहाच्या टपरीवर ज्यांनी या माणसाच्या नावाने खडे फोडले, सह्या त्यांच्याच. कटकट नको म्हणून प्रत्येकाने ते ओझं पुढच्याच्या गळ्यात टाकलं होतं. एका वरिष्ठांनी तर कानमंत्र दिला, "एकदा सगळ्यांसमोर सोलून काढा, बाकीचे आपोआप सरळ येतात." असल्या सल्ल्याचा मला आजही संताप येतो. माणसाची अब्रू काढायला सांगायचं आणि त्याला मॅनेजमेंट म्हणायचं!

तुम्ही वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतात, एवढंच मला ठाऊक होतं. काकूंनी माझं तोंड बघून हाक मारली आणि मी तुमच्या जेवणाच्या टेबलाशी सगळं ओकले. तुमचा पहिला प्रश्न होता, "त्याचं काम कसं आहे?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. काम उत्तम आहे काका. नुसत्या आवाजावरून मशीनचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. तुम्ही म्हणालात, "मग बोलायला बसशील तेव्हा हे आधी सांग. खरं आहे म्हणून सांग, गोड लागावं म्हणून नको."

मग तुम्ही त्याला द्यायचं मेमोचं पत्र मागितलंत. ऑफिसातून मिळालेला ठरावीक नमुना होता तो. 'उद्दाम', 'बेशिस्त', 'वारंवार'. तुम्ही पेन्सिल घेऊन एकेक विशेषण खोडत गेलात. खाली उरल्या तारखा, वेळा, आणि त्यामुळे पुढच्या पाळीचं काय अडलं एवढंच. पत्र निम्मं झालं आणि दुप्पट जड झालं. शेवटी तुमच्या हातची एक ओळ, 'आपले म्हणणे लेखी किंवा तोंडी मांडावे, ते ऐकून घेतले जाईल.'

तुमच्या नोकरीतलं तुम्ही थोडंच बोललात. 1982 चा गिरणी संप, कारखान्यांच्या गेटवरच्या सभा, 1946 च्या कायद्याने आलेले स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे नियम, कामगारांना कळेल अशा भाषेत गेटपाशी लावायचे ती पाटी. आणि निलंबित माणसालाही पहिले 90 दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता द्यावा लागतो, तो का? "कारण आरोप त्याच्यावर असतो, त्याच्या पोराबाळांवर नसतो." काका, असं समजावलं असतं तर त्या हॉटेलातल्या ट्रेनिंगमध्ये कुणी जांभई दिली नसती.

पण मला आभार मानायचेत ते पाकिटाचे.

मी निघाले होते. तुम्ही "थांब" म्हणालात, कपाटाच्या खणातून एक खाकी पाकीट काढलंत, कागद हातात घेऊन त्याच्या तीन घड्या कशा घालायच्या ते दाखवलंत, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. "उघडा कागद हातात देऊ नकोस. कॅबिनमधून लॉकरपर्यंत त्याला चालत जायचंय. सगळे बघत असतात." बस, एवढंच. त्याला तुम्ही कधी पाहिलेलंही नाही. आमच्याकडे मेमो आजवर लायनीवर, सगळ्यांच्या देखत, उघडाच दिला जायचा. कॅबिनपासून लॉकरपर्यंत माणूस कसा चालत जातो, याचा विचार इतक्या वर्षांत एकाच्याही मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. दार लावलं, आधी बेअरिंगचं बोलले, मग तारखांचं. तो भांडायच्या तयारीने आला होता. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, पोचपावतीवर सही केली. मग त्याने त्याच घड्यांवर कागद परत दुमडला, पाकिटात घातला, पाकीट शर्टाच्या आतल्या बाजूला सरकवलं आणि ताठ मानेने बाहेर गेला. लायनीवर कुणाला काही कळलं नाही.

तो काही गोड झालेला नाही. अजून नमस्कार करत नाही, बोलतो तेही तुटक. पण पाळी बदलताना मशीनपाशी असतो, रजिस्टर भरतो, आणि परवा त्या नव्या पोराला सीलिंगचं तापमान कसं धरायचं ते दाखवत होता. मला तेवढं पुरे आहे. कडक वागायचं तर माणसाला आधी उघडं पाडावं लागतं, असं समजणारे खूप भेटले. तुमच्यासारखी माणसं कमी भेटतात. तुम्हाला चूक चूकच म्हणायची असते, आणि ती ज्याच्या हातून झाली त्याची आबही राखायची असते. अशा माणसांचे कुठे फोटो लागत नाहीत, त्यांना निरोपाला एक शाल मिळते आणि त्यांचं सगळं शहाणपण घरी बसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती. आमच्याकडे काही नवे सुपरवायझर झालेत. पोरं चांगली आहेत, घाबरलेली आहेत. एखाद्या शनिवारी त्यांच्याशी बोलायला याल का? ठाण्याहून रबाळ्याला आणायला-सोडायला गाडीची व्यवस्था मी करते, वेळ तुम्ही सांगा. काकूंना विचारून कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची