पोटरीत गोळा आला की लगेच मेडिकल कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या पलूस भागात शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळं उसाला पाणी पाजून माणूस मध्यरात्री अंथरुणाला पाठ टेकतो आणि डोळा लागतोय न लागतोय तोवर पोटरीत असा गोळा येतो की घर जागं होतं. सकाळी मेडिकलात जायचं, "गोळ्यावर गोळी द्या" म्हणायचं, कधी कॅल्शियम कधी मॅग्नेशियम घेऊन यायचं. वयस्कर माणसांच्या पायात रात्री जे गोळे येतात त्यावर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही हे अभ्यासात दिसलंय, तरी पाकिटं खपतातच. जुनी मंडळी मलेरियाच्या क्विनाईनचं नाव काढतात पण त्याचे हृदयावर आणि रक्तावर गंभीर परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2010 मध्ये पायात गोळे येतात म्हणून ते घेऊ नका असा इशाराच दिलाय.

खरं तर गोळा आला की गुडघा सरळ ठेवून चवडा हातानं धरायचा आणि नडगीकडं ओढून धरायचा, हिसका द्यायचा नाही. हात पोचत नसेल तर टॉवेल अडकवा, नाहीतर उठून भिंतीला हात टेकून टाच जमिनीवर दाबून उभं रहा. सुटल्यावरही पोटरी दुखत राहते, ती हळूहळू चोळावी. झोपताना पायावर जड वाकळ असली की चवडा खाली दाबला जातो, पोटरी आखडूनच राहते, म्हणून पायाकडं वाकळ जरा सैल टाकावी आणि झोपायच्या आधी भिंतीशी हाच ताण थोडा वेळ द्यावा. फुकटचं आहे म्हणून कुणी करत नाही, हे माझं मत.

आणखी एक म्हणजे बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते त्यानं पण गोळे येऊ शकतात, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काहींना स्नायू दुखतात, थायरॉईड, शुगर, किडनी हेही असू शकतं. म्हणून वारंवार येत असेल तर चालू गोळ्यांची पाकिटंच डॉक्टरांपुढं ठेवा, मनानं एकही बंद करू नका. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की कमी होते, असं असेल तर तो गोळा नसून रक्तवाहिनीचा अडथळा असू शकतो, बिडी-तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच दाखवावं. आणि एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा दिसला तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या डॉक्टरांकडून हे चित्रासकट छापून आणलंत तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली