झोउचेंगची बांधणी

रविवारच्या पुरवणीतील चीनच्या युन्नान प्रांतावरील प्रवासलेखात दाली शहराजवळच्या झोउचेंग या ‘बाई’ नावाच्या अल्पसंख्याक वंशाच्या गावाची ओळख स्वस्त निळ्या ओढण्या मिळण्याचे ठिकाण एवढीच करून दिली आहे, हे खटकले. येथील बांधणीकला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत समाविष्ट झाली. गावातील स्त्रिया नक्षीबरहुकूम सुईदोऱ्याने कापड चुणून घट्ट आवळतात. मग ते निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवले जाते. खरे कष्ट त्या आवळण्यात आहेत आणि घासाघीस करताना नेमके तेच विसरले जातात. यंत्रावर छापलेल्या नकलेला हे कष्ट नाहीत. टाक्यांची बारीक छिद्रे आणि दोन्ही बाजूंना मुरलेला रंग पाहून अस्सल कापड ओळखता येते, हे किमतीबरोबर सांगायला हवे होते.

– एक वाचक, नाशिक