नदीतल्या लाटेबद्दल, अभिजितला पत्र

मॉन्ट्रियल,
१२ जुलै

प्रिय अभि,

शहराच्या मधोमध नदीत लाट कुठून येते, असं तू फोनवर विचारलंस. तिथे सांगून संपलं नसतं, म्हणून लिहितोय.

सेंट लॉरेन्स नदी लाशीनच्या खडकांवरून धडाधडा उतरत शहरात येते. तिथून गलबतं जाईनात म्हणून बाजूने कालवा खणला, तो १८२५ मध्ये खुला झाला. तिथून खाली, जुन्या बंदराजवळ हॅबिटॅट ६७ आहे. मोशे साफदींनी १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, खोक्यांवर खोकी रचल्यासारखी इमारत. तिच्या मागेच आमची लाट. वेगात आलेलं पाणी तळाच्या उंचवट्यावरून घसरतं, पुढच्या संथ पाण्याला धडकतं आणि तिथेच उभं राहतं. समुद्रात लाट पुढे जाते. इथे लाट जागेवर आणि पाणी धावतं.

या लाटेवर आम्ही कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, घेऊन उतरतो. ती जेमतेम सहा फुटांची, सपाट बुडाची. काठाजवळ पाणी उलटं फिरतं, तिथे आम्ही पाळीची वाट बघतो. मग कयाकचं नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, किंचित तिरकं धरून वल्हं मारत लाटेवर सरकायचं. प्रवाहाकडची कड जरा बुडाली की पाणी तिच्यावर चढतं आणि कयाक पालथी. म्हणून त्या बाजूचा गुडघा वर दाबून कड उचललेलीच ठेवायची. एकदा उतारावर बसलास की प्रवाह मागे रेटतो, उतार पुढे ओढतो, वल्हं फक्त सुकाणूपुरतं. खालून पाणी सुसाट जातंय आणि काठावरची इमारत मात्र तसूभर हलत नाही! अभि, हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

कोलाडला कुंडलिकेत उतरायला आपण सकाळी धरणाचं पाणी सुटायची वाट बघत बसलो होतो ना? इथे मागे अख्खं लेक ऑन्टॅरिओ आहे, त्यामुळे पाणी आटत नाही. लाट निघूनही जात नाही. चुकलं, वाहून गेलो, तर काठ गाठायचा, कयाक खांद्यावर टाकून वर चालत यायचं, पुन्हा पाळी लावायची. शिकायला याहून चांगली जागा नाही.

मोठ्या पावसानंतर गटारांचं पाणी इथेही नदीत येतं, तेव्हा आम्ही उतरत नाही. पण रोज उतरणाऱ्यांना ते लगेच कळतं, आणि ते त्याबद्दल बोलतात. आपण लकडी पुलावरून नाक दाबून मुठा ओलांडत मोठे झालो. शहरातल्या माणसांनी आपल्या नदीत उतरावं, तिचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं हे त्यांना तोंडपाठ असावं, असं मला फार वाटतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये ये. तेव्हा पाणी वीस अंशांच्या वर असतं. मात्र त्याआधी तिकडे कोणाकडून तरी स्विमिंग टँकमध्ये रोल शिकून घे. पालथा झाल्यावर कंबरेच्या झटक्याने सरळ होता आलं पाहिजे. डोकं सगळ्यात शेवटी वर. ते जमल्याशिवाय मी तुला लाटेवर नेणार नाही. आणि एकटा तर मीही कधी जात नाही, हे काकूंना आवर्जून सांग.

तुझा,
निखिल